इनामदाराचा पोरगा सुधारला त्याची हकिकत

मदुरा,
ता. ९ फेब्रुवारी १९७४

मामा, पलूसच्या बाजारात त्या म्हातारीनं तुम्हाला कांदे दिले नाहीत, त्याचा ठपका माझ्यावर कसा काय येतो, तेवढं मला एकदा समजावून सांगा. त्या दिवशी मी तुमच्यापासून दोन दिवसांच्या रेल्वेवर, शेठच्या भट्टीपुढं कोळसा सारत बसलो होतो. म्हातारी तुम्हाला म्हणाली, "पोराला कवा जेवलास का म्हणून इचारलं न्हाईस, आन् आता कांदं न्यायला आलास व्हय रं?" हे वाक्य तुम्ही पत्रात लिहून त्याखाली दोन रेघा मारल्यात, आणि पुढं मला कार्टं, कृतघ्न आणि आणखी एक शब्द (जो आमच्या दुकानातल्या सुकुमारनं मोठ्यानं वाचायला नकार दिला) असं लिहिलंत. आवं मामा, तुम्हाला पोरगाच नाही. चार मुली, चारी दिल्या घरी सुखी. (त्यातली एकही माझ्या वयाची शिल्लक राहिली नाही, ही तक्रार वेगळी.) म्हातारी भांडत होती ती तुमच्याशी, नाथाजी हवालदाराशी नव्हे, नाटकातल्या इनामदाराशी. आणि गेल्या वर्षी माझ्या बाबतीत हेच झालं तेव्हा तुम्ही गावभर पेढे वाटले होते. तुमच्या कांद्याला एवढं दुःख, आणि माझी सोयरीक मोडली तिला पेढे?

बरं, भांडण जरा बाजूला ठेवून आधी रीतीचं लिहितो, नाहीतर आई म्हणेल पोराला वळण नाही. तीर्थरूप मामा आणि मामी, दोघांच्या पायांवर सयाजीचं डोकं. मामा, तुमचा गुडघा कसा आहे? मामीचा दमा थंडीत वर आला असेल, तिला पहाटे उठून शेणकुटाचा धूर घेऊ देऊ नका. आईच्या डोळ्यांना पलूसच्या डॉक्टरचं औषध लागू पडतंय का, आणि ती ते डोळ्यांतच घालते ना? (मागच्या खेपेस तिनं गुडघ्याला लावलं होतं, कारण बाटली तशीच होती.) तांबडी गाय व्याली का? इकडे माझी तब्येत ठणठणीत आहे. फक्त तेजाबाच्या वाफेनं मिशीची डावी बाजू पिवळी पडली आहे, कारण भट्टी माझ्या डाव्या हाताला आहे. शेठ म्हणतात जागा बदल, म्हणजे उजवी पण पिवळी होऊन जोडी जमेल.

आता गेल्या चैत्रातलं. तुम्ही विसरला असाल, मी विसरलो नाही. पण त्याआधी तुम्हाला तुमचंच नाटक सांगतो. रागावू नका, आतून लिहिणाऱ्याला ते बाहेरून कसं दिसतं हे कळत नाही. "उतला मातला अर्थात इनामदारी बुडाली", अंक तीन, लेखक, दिग्दर्शक आणि रावसाहेब इनामदारांच्या भूमिकेत नाथाजी हवालदार, गेली नऊ वर्षं. त्यात गेली चार वर्षं इनामदाराचा लाडावलेला पोरगा विक्रमसिंग म्हणून मी. पहिल्या अंकात मी आंधळ्या म्हातारीचा तांब्या लाथाडतो. दुसऱ्यात गरिबाच्या कडब्याची गंज पेटवतो. तिसऱ्यात नायकाच्या बहिणीला मोटारसायकलवर घालून पळवतो. (मोटारसायकल म्हणजे आपला पडदा ओढणाऱ्या गुंडाची सायकल, तिला पत्र्याची टाकी, आणि इंजिनचा आवाज काढायला पडद्यामागं गुंडा स्वतः. एका वर्षी त्याला ठसका लागला तर प्रेक्षक म्हणाले पेट्रोल संपलं.) शेवटी गाव मला बडवतं आणि पडदा पडतो. आणि ह्या सगळ्यात माझा बाप काय करतो? मी तांब्या लाथाडला की तो आतून येतो, मिशीला पीळ देतो, मिलिटरीच्या मेसमध्ये शिकलेलं ते हसू हसतो आणि म्हणतो, "शाब्बास माझ्या पठ्ठ्या!" गंज पेटवली की तेच. पोरगी पळवली की तेच. तीन अंकांत बाप पोराशी दुसरं एक वाक्य बोलत नाही. मामा, तुम्ही नायकाला चार पानी भाषणं दिलीत, आंधळ्या म्हातारीला अभंग दिला, आणि इनामदाराला एक हसू आणि तीन शब्द. मी तेव्हा काही बोललो नाही, कारण रिहर्सलला तुम्ही शिट्टी वाजवता आणि शिट्टीपुढं माझी जीभ टाळ्याला चिकटते.

तर गेल्या चैत्रात जत्रा झाली आणि पाचव्या दिवशी मुलगी दाखवायचा कार्यक्रम ठरला. मुलीची आई राहीबाई मुलगा आधी बघू म्हणून स्वतः आमच्या घरी आल्या. मी पांढरा शर्ट घालून, केस पाण्यानं चापून बसवून, मान खाली घालून बसलो होतो. त्यांनी मला बघितलं, एकदा, मग पुन्हा एकदा. आणि चहाची बशी तोंडाजवळ नेलेली तशीच खाली ठेवून म्हणाल्या, "ह्योच न्हवं का त्यो, आंधळ्या म्हातारीचा तांब्या लाथाडणारा?" आई म्हणाली, ते नाटक होतं. राहीबाई म्हणाल्या, "नाटकात का हुईना, पाय ह्याचाच हुता की." आणि उठल्या. मामा, माझा पाय! चौथीपर्यंत ज्या पायानं मी शाळेत गेलो आणि चौथीनंतर ज्या पायानं शाळेतून पळालो, तोच पाय. ह्यात तुम्ही माझी बाजू घ्यायची का नाही? भाच्याच्या सोयरिकीत मामानं उठून बोलावं, ही रीत आहे. तुम्ही उठलात, पण म्हणालात, "ह्याला म्हणत्यात अभिनय!" आणि दुसऱ्या दिवशी पेढे.

त्याच आठवड्यात मी गाडी पकडून परत मदुरेला आलो. तुम्ही समजलात पोरगं रुसलं. मी रुसलो नव्हतो, मी विचार करत होतो. (मी विचार करतो तेव्हा तसाच दिसतो.)

आमच्या दुकानाची रीत तुम्हाला माहीत नाही म्हणून सांगतो. सोनारांकडची जुनी मोड आणि दुकानातली झाडलोट आमच्याकडे येते, आम्ही ती भट्टीत वितळवून त्यातलं सोनं वेगळं काढतो, हीच गलाई. सोनं वितळवायची मूस भट्टीत ठेवली की मग बसून राहायचं. तेवढ्या वेळात कोणी तंबाखू मळतो, कोणी घरचं पत्र पाचव्यांदा वाचतो. आम्ही तिघं. मी, दहिवडीकडचा अर्जुना, आणि सुकुमार, सांगलीजवळचा जैन, अकरावी नापास, अक्षर मोत्यासारखं. एक दिवस अर्जुना म्हणाला, सयाजी, तुझं त्ये नाटक सांग की गड्या. मी सांगितलं, तिन्ही अंक, आवाज बदलून, तुमच्या हसण्यासकट. (तुमचं हसू मला तुमच्यापेक्षा चांगलं येतं, शेजारच्या दुकानातून लोक बघायला आले.) सांगून झाल्यावर मला वाटलं टाळ्या पडतील. अर्जुना भट्टीकडे बघत म्हणाला, "ह्या इक्रमसिंगाची आई कुठं हाय रं?"

मामा, मी उगाच कोळसा सारायला लागलो. कारण ह्याचं खरं उत्तर आपल्याला दोघांनाच माहीत आहे. मिरजेहून आपण दोनच नट्या आणतो, एक नायकाची बहीण आणि एक आंधळी म्हातारी. तिसरी परवडत नाही. म्हणून इनामदाराच्या वाड्यात बाईमाणूस नाही. आता हे मी अर्जुनाला कसं सांगू, की त्या पोराची आई बजेटमध्ये बसली नाही? मी म्हणालो, ती बाळंतपणात गेली. हे मी त्या क्षणी रचलं, आणि रचल्याबरोबर ते खरं वाटायला लागलं. सुकुमारनं चष्मा वर सरकवला आणि म्हणाला, "मग तर त्या पोरावर अन्यायच आहे." अर्जुना म्हणाला, "आई न्हाई, आन् बाप निस्ता हासतोय. गड्या, मी असतो तर दोन गंजी पेटवल्या असत्या." आणि मूस भट्टीत तशीच राहिली, अंमळ जास्तच तापली, शेठ भाऊसो येऊन ओरडले ते वेगळं.

तिथून सुरू झालं. रोज एक प्रवेश मी सांगायचा, सुकुमारनं दुकानाच्या जुन्या वहीच्या मागच्या कोऱ्या पानांवर उतरवायचा. विक्रमसिंगानं तांब्या लाथाडला, पण का? त्याला वाटलं तिथं विंचू आहे. (हे अर्जुनाचं, मला फारसं पटलं नाही, पण तो ऐकेना.) गंज पेटवली, पण का? थंडीत एकटा बसला होता, आणि बापानं त्याला काड्यापेटी देताना ती कशाला लागते हे कधी सांगितलं नव्हतं. प्रत्येक ठिकाणी पोरगा बापाकडे बघतो, आता हा काही बोलेल, आता रागावेल, निदान एक थोबाडीत देईल. आणि बाप हसतो. शेवटी पोरगा म्हणतो, बाबा, तुम्ही मला कधी जेवलास का म्हणूनसुद्धा विचारलं नाहीत. आणि बाप काय करतो? हसतो! मामा, हे वाक्य लिहिलं तेव्हा सुकुमारच्या डोळ्यांत पाणी आलं. तो म्हणाला तेजाबाची वाफ आहे, पण तेजाब त्या दिवशी बाटलीत होतं.

आता पुढचं ऐका, यात माझा दोष नाही. आपल्या भागातली माणसं ह्या धंद्यात मुलुखभर पसरलेली. सेलमला, कोइमतूरला, कालिकतला, सगळीकडे आपलीच दुकानं. एक जण सेलमला जाताना वही वाचायला घेऊन गेला. सेलमवाल्यांनी नक्कल केली आणि त्यात विक्रमसिंगाला नायकाच्या बहिणीशी खरंखुरं प्रेम घातलं, म्हणजे पळवणं हे पळवणं राहिलंच नाही. कोइमतूरवाल्यांनी त्याला मिलिटरीत भरती केलं, चीनच्या सरहद्दीवर. एक जतचा माणूस होता त्यानं त्याला मेंढरं दिली, दीडशे, नावासकट. कालिकतवाल्यांनी तर कहर केला. त्यांनी आंधळ्या म्हातारीला पुरातून वाचवताना त्याला बुडवून मारला आणि वही परत पाठवली. मी त्यांना कडक पत्र लिहिलं, की तो पोहणारा आहे, कृष्णाकाठचा आहे, गुडघाभर पाण्यात बुडणार नाही, ताबडतोब जिवंत करा. त्यांनी उत्तरात लिहिलं, प्रेत सापडलेलं नाही, तुमची इच्छा असेल तर काढा बाहेर. मी काढला.

दिवाळीला आपल्या शेजारच्या खालच्या वाडीची माणसं घरी गेली ती एक नक्कल घेऊन. आणि मार्गशीर्षातल्या त्यांच्या जत्रेत त्यांनी ते नाटक उभं केलं. तुम्हाला वाटतंय मी त्यांना दिलं. मी दिलं नाही, मामा. ते माझ्या हातून सुटलेलं होतं. त्यांच्या इनामदाराला तुमची चाल, तुमची मिशी, तुमचं हसू, सगळं तुमचं दिलं, कारण इनामदार म्हटल्यावर पंचक्रोशीत दुसरं कोणतं तोंड डोळ्यांपुढं येतच नाही. हा तुमचा मान आहे असं मी समजतो. पण त्या नकलेत पोरगा निर्दोष आणि सगळं पाप बापाचं, हे खरं. म्हातारीनं ते बघितलं आणि कांदे झाकले. सांगायचं एवढंच, की मी पोराला सोडवायला गेलो आणि सगळा चिखल तुमच्या धोतरावर उडाला. तेवढ्यापुरती माझी चूक, कबूल. पुढचं मात्र वाचा, उठू नका.

कारण ती पहिली वही झाली. दुसरी वही तुम्ही बघितलेली नाही, आणि ती अर्जुनामुळं झाली. अर्जुनाचा बाप दहिवडीकडं मेंढरं राखतो, लिहिता येत नाही, शाळेतल्या गुरुजींकडून महिन्याला एक कार्ड लिहून घेतो. त्या कार्डात फक्त मेंढरं असतात. कोणती व्याली, कोणती लंगडते, लोकर किती निघाली. अर्जुनाचं नाव पत्त्यावर, आत कुठं नाही. आणि अर्जुना ते कार्ड असं वाचतो की बघणाऱ्याला वाटेल नवरीचं पत्र आलं. तो एक दिवस म्हणाला, "सयाजी, ह्यो तुझा बाप खोटा हाय. बाप एवढा वाईट नसतो. त्याला बोलायचं कळत नसंल." मी म्हटलं, मग काय करायचं? म्हणाला, "त्याला येऊ दे की हिकडं."

आणि मामा, तिथं माझ्या डोक्यात भट्टी पेटली. विक्रमसिंग घर सोडतो, लांबच्या मुलखात एका गलाईच्या दुकानात कोळसा ओढायला राहतो, तोंड काळं झालेलं, नाव बदललेलं. आणि इनामदार, ज्यानं कधी पाय जमिनीला लावला नाही, तो त्याला शोधत चालत येतो. चालत! गावोगाव विचारत. त्या दुकानाच्या दारात येऊन आपल्याच पोराला विचारतो, इथं माझा विक्रम आहे का? पोरगा म्हणतो, असा कोणी इथं नाही. बाप तिथंच कोळशाच्या पोत्यावर बसतो, पांढऱ्या धोतरासकट. मग सुकुमारनं बापाला अडीच पानांचं भाषण लिहिलं, त्यात 'पश्चात्तापाग्नी' हा शब्द चार वेळा.

पोंगलला (म्हणजे आपली संक्रांतच, पण चार दिवसांची) इकडे सगळ्या भट्ट्या थंड असतात. त्या दिवशी दुपारी तीन वाजता आमच्या घरमालकाच्या अंगणात आम्ही नाटक लावलं. मदुरेतली आपली सगळी माणसं आली, अंगण, ओटा, जिना भरून. पडदा म्हणून दोन घोंगडी, जतवाल्यांची. मी विक्रमसिंग. आणि बाप कोण? बापाला पोट पाहिजे आणि कोट पाहिजे, आणि आमच्यात दोन्ही एकट्या शेठ भाऊसोंकडेच. हा माणूस, मामा, चार वर्षांत मला "मूस फुटली का?" याशिवाय काही बोललेला नाही. तो नाही नाही म्हणत होता, पण कोणीतरी म्हणालं की इनामदाराची भूमिका आहे, तसा कोट घालून आला.

दोन अंक धडाक्यात गेले. तिसऱ्यात भाऊसो पोत्यावर बसले आणि भाषण विसरले. एक अक्षर आठवेना. घोंगड्यामागून सुकुमार प्रॉम्प्टिंग करतोय, "पश्चात्तापाग्नीत, पश्चात्तापाग्नीत", जिन्यावरच्यांना ऐकू गेलं, भाऊसोंना नाही. त्यांना घाम फुटला. ते माझ्याकडे बघत राहिले, मी त्यांच्याकडे. माझं तोंड कोळशानं काळं, रोज असतं तसंच. आणि ते एकदम म्हणाले, "जेवलास का?"

हे कुठं लिहिलेलं नव्हतं. बापाच्या तोंडी तर नव्हतंच. मला पुढं "बाबा, मला क्षमा करा" म्हणायचं होतं. पण सकाळपासून पडदे बांधण्यात मी खरंच जेवलो नव्हतो, आणि विचारल्यावर माझ्या तोंडातून खरं तेच निघालं. "न्हाई." भाऊसो उठले, धोतराचा मागचा भाग काळा कुळकुळीत, आणि माझा दंड धरून म्हणाले, "मग चल." आणि मला घेऊन घोंगड्यामागं गेले. नाटक संपलं. अडीच पानं तशीच राहिली.

मामा, टाळ्या पडल्या नाहीत. मग कोणीतरी नाक शिंकरलं, आणि मग एकदम सगळं अंगण उठलं. घरमालकीण, जिला मराठीचा एक शब्द येत नाही, तिनं पदरानं डोळे पुसले आणि भाऊसोंच्या हातावर नारळ ठेवला. अर्जुना कालपर्यंत ज्या शेठच्या नावानं बोटं मोडायचा त्याच्या पायाच पडला. भाऊसोंनी त्या भरात सगळ्यांना जेवण सांगितलं. (सकाळी उठल्यावर त्यांना त्याचा पस्तावा झाला, पण लोक जेवून गेले होते.) तुमच्या नऊ वर्षांच्या नाटकाचा असा जयजयकार आपल्या वरच्या वाडीत कधी झालाय का, खरं सांगा. आणि तो तुमच्याच नाटकाचा झाला! मी सगळ्यांना सांगितलं, मूळ लेखक माझा मामा.

आणि आता मुद्द्याचं. त्या गर्दीत राहीबाईंचा मुलगा कृष्णात होता. तोही इथल्याच एका दुकानात असतो, मला माहीतही नव्हतं. (माहीत होतं. पहिल्या ओळीत बसवला होता.) त्यानं घरी सविस्तर कळवलं, की तांब्या लाथाडणारा तो पोरगा सुधारला, मी डोळ्यांनी बघितला. राहीबाईंचं उत्तर परवा आलं. त्या म्हणतात, मदुरेचं मदुरेत; आपण ते आपल्या जत्रेत, आपल्या डोळ्यांनी बघणार. तो पोरगा बापाबरोबर घरी गेलेला दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी त्या आमच्या घरी चहा प्यायला येतील, आणि या खेपेस बशी खाली ठेवणार नाहीत.

म्हणजे सगळं तुमच्या हातात आलं, मामा. तुम्ही लिहिलंत की या वर्षी विक्रमसिंग गुंडा करणार आणि नाटक जसं नऊ वर्षं झालं तसंच होणार, तुमचा इनामदार कोणापुढं वाकणार नाही. तुम्ही तसंच केलंत तर राहीबाई पहिल्या ओळीत बसून पुन्हा तोच तांब्या लाथाडलेला बघतील, आणि माझं लग्न त्या तांब्याबरोबरच गडगडत जाईल. मी एवढंच मागतो. विक्रमसिंग मला द्या, आणि शेवटचं एक पान बदला. हसू तुमचं तसंच ठेवा, दोन अंक मनसोक्त हसा. पण तिसऱ्या अंकात पोत्यावर बसा. भाषण पाठ करायचं नाही, फक्त दोन वाक्यं, तीही सोपी. पंचक्रोशी तुम्हाला डोक्यावर घेईल, खालच्या वाडीचं तोंड बंद होईल, आणि ती म्हातारी तुमच्या पिशवीत न मागता कांदे ओतेल. पाटीवर नाव तुमचंच. मी वहीवर सुकुमारकडून "नाथाजी हवालदार कृत" असं मोठ्या अक्षरात लिहून घेतलंय, कालिकतवाल्यांनाही तसं कळवलंय. माझे वडील, दादा, गेल्यापासून घरात वडीलधारं म्हणून तुम्हीच, तेव्हा नाही म्हणायचं असेल तर सरळ लिहा, पण रेघा मारू नका.

आईला सांगा, पिवळी मिशी लग्नाआधी काळी करून घेईन.

तुमचा भाचा,
सयाजी

ता. क. तुम्ही तयार आहात असं मी कृष्णातला आधीच सांगून टाकलंय. सुकुमारनं हातानं लिहिलेल्या चाळीस जाहिराती गावी जाणाऱ्या माणसाबरोबर गेल्या आहेत. पलूसला स्टँडवर लागल्या असतील. "इनामदाराला अखेर पाझर फुटतो" असं लिहिलंय. आता मागं फिरलात तर लोक काय म्हणतील ते तुम्ही बघा.

ता. क. २. जत्रेआधी एकदा राहीबाईंच्या घरी जाऊन या. मामानं जायची रीत आहे. फक्त तिथं हसू नका. काही झालं तरी हसू नका.

ता. क. ३. वर जे लिहायचं राहिलं तेच खरं काम आहे, इतका वेळ धीर होईना. शेठ भाऊसो मला रजा देत नाहीत. पोंगलपासून त्यांना ती भूमिका अंगात भिनली आहे. रोज मला आणि अर्जुनाला जेवलास का विचारतात, आणि रजेचं काढलं की म्हणतात, "तुझ्या घरचं माणूस न्यायला येऊ दे, त्याच्या हातात देतो. नाटकात बाप चालत आला, तुझ्या मामाला रेल्वेत बसून यायला काय धाड भरली?" मी खूप सांगितलं की ते नाटक होतं. ते म्हणाले, दंड तर मी खराच धरला होता. तेव्हा मामा, तुमच्याशिवाय मी सुटत नाही. गुडघा दुखत असेल तर खिडकीजवळची जागा बघून बसा. स्टेशनपासून कोणालाही मराठी गलाईवाले विचारलंत तर दुकानाच्या दारात आणून सोडतील, आणि मी तिथंच असेन, तोंड काळं असलं तरी ओळखाल. मनीऑर्डर वेगळी टाकली आहे. मिरजेहून यायचं तुमचं एक तिकीट, जायची आपली दोन, आणि वाटेतल्या चहापाण्याला वर थोडे, मिळून रुपये एकशे पंचवीस फक्त.